प्रतिहल्ला नेमका कशाला म्हणायचा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सीमेवर काही घडले की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात ‘प्रतिहल्ला’ हमखास असतो. नियंत्रण रेषेपलीकडून गोळीबार झाला आणि आपल्या चौकीने उत्तर दिले, की प्रतिहल्ला. दहशतवाद्यांच्या तळांवर क्षेपणास्त्रे डागली, तरी प्रतिहल्ला. युक्रेनने काही महिने चालणारी मोहीम उघडली, तोही प्रतिहल्लाच. क्रिकेटच्या पानावर तळाच्या फलंदाजाने दोन षटकार ठोकले की तिथेही हाच शब्द येतो. त्याबद्दल तक्रार नाही, खेळाच्या पानाला एवढी मोकळीक असावी. पहिल्या पानाचे तसे नाही. वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी लष्कराच्या हिशेबात एकमेकींपासून इतक्या लांबच्या आहेत की त्यांना एकच नाव दिले तर लढाई कोण जिंकतो आहे एवढेसुद्धा वाचकाला कळत नाही.

पायदळात काउंटर अटॅक म्हणतात तो प्रतिहल्ला हा बचावाचा भाग आहे. शत्रूने हल्ला केला, आपल्या मोर्चात शिरला, काही खंदक त्याच्या हाती गेले. अशा वेळी बचाव करणाऱ्याने याच कामासाठी मागे ठेवलेले दल पुढे घालून, शत्रू पाय रोवायच्या आत, त्याच जागेवर केलेला हल्ला म्हणजे प्रतिहल्ला. गेलेली जागा परत घेणे, आत शिरलेल्या तुकडीचा मागचा दोर कापून तिला संपवणे, किंवा शत्रू ज्या कामासाठी आला होता ते होऊ न देणे, यांतले काहीतरी त्याला साधायचे असते. शत्रूचा हल्ला चालू आहे किंवा नुकताच थांबला आहे, जागा आपली होती आणि राखीव दल शिल्लक आहे, या तीन गोष्टी असल्याशिवाय तो शब्द लागू होत नाही.

हे राखीव दल येते कुठून? पायदळाच्या एका पलटणीत, म्हणजे बटालियनमध्ये, साधारण चार रायफल कंपन्या असतात. बचावाला बसताना कमांडर चारही कंपन्या पुढच्या फळीत लावत नाही. दोन किंवा तीन पुढे, उरलेल्या मागे खोलात, आणि मागच्यांपैकी कुणाकडे तरी प्रतिहल्ल्याचे काम आधीपासून सोपवलेले असते. कंपनीच्या पातळीवर हे काम एखाद्या प्लाटूनचे, म्हणजे तीसेक जवानांचे. ब्रिगेडच्या पातळीवर अख्ख्या पलटणीचे, जोडीला रणगाड्यांचा स्क्वाड्रन मिळाला तर उत्तमच. राखीव म्हणजे रिकामे बसलेले, असा समज असतो. खरे तर या जवानांचे काम पुढच्यांपेक्षा किचकट असते. कुठला मोर्चा पडला तर कुठल्या वाटेने जायचे, आपल्याच सुरुंगक्षेत्रातली मोकळी वाट कुठे आहे, तारेच्या कुंपणात कुठे फट ठेवली आहे, शेजारची चौकी कुठल्या कोनात गोळीबार करते, हे दिवसा चालून आणि रात्री पुन्हा चालून त्यांना पाठ करावे लागते. ही तालीम झाली नसेल तर अंधारात निघालेली कंपनी आपल्याच सुरुंगात शिरते, किंवा शेजारची चौकी तिलाच शत्रू समजून मशीनगन चालवते.

प्रतिहल्ल्याचे दोन प्रकार आहेत, आणि सगळी मेख त्यांच्यातल्या फरकात आहे. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याने तर दोहोंना वेगळी नावे दिली होती: झटपट केलेला तो ‘गेगेनश्टोस’, तयारीनिशी केलेला तो ‘गेगेनआंग्रिफ’. पहिला मिनिटांत करायचा, दुसरा तासांत.

झटपट प्रतिहल्ल्यामागचा हिशेब असा. खंदक नुकताच जिंकलेली तुकडी त्या घडीला सगळ्यात कच्ची असते. दारूगोळा बराच संपलेला, पुढे होऊन नेणारे तरुण अधिकारी आणि नाईक-हवालदार पडलेले, प्लाटून विखुरलेल्या, मशीनगनवाले मागे राहिलेले, तोफखान्याचा निरीक्षक आला असला तरी त्याचा वायरलेस लागलेला नसतो. त्यात खंदक उलट्या तोंडाचा. तो आपण शत्रूकडे तोंड करून खणलेला असतो. गोळीबाराची पायरी, पुढची मातीची आड, बंदुकीची भोके, सगळे त्याच्या बाजूला. जिंकणाऱ्याला आता पाठीमागची बाजू उकरून नवी आड उभारावी लागते. या पंधरा-वीस मिनिटांत तीस ताजे जवान बाजूने येऊन भिडले तर शंभरांना हुसकावतात. तासाभराने तिथेच मशीनगन बसलेली असते, रणगाडाविरोधी शस्त्र आलेले असते, पुढे चार सुरुंग टाकलेले असतात, आणि त्यांच्या तोफांनी समोरच्या वाटा नेम धरून ठेवलेल्या असतात. आता तीस जवान पाठवणे म्हणजे त्यांना मारायला पाठवणे. मग दुसरा प्रकार: थांबायचे, तीनास एक असे बळ जमवायचे, तोफखान्याचा आराखडा करायचा, आरंभरेषा आणि वेळ ठरवायची, आणि नेहमीसारखा पूर्ण हल्ला चढवायचा.

फसलेले बहुतेक प्रतिहल्ले या दोहोंच्या मधल्या फटीत पडलेले दिसतात. झटपटसाठी उशीर झालेला, तयारीनिशीसाठी तयारी अर्धवट. उशीर कसा होतो तेही पाहा. राखीव कंपनी दीड किलोमीटर मागे आहे असे धरू. रात्री, नांगरलेल्या रानातून, दारूगोळ्याच्या ओझ्यासह तासाला दीड-दोन किलोमीटरपेक्षा जास्त चाल होत नाही. म्हणजे पाऊण ते एक तास नुसता चालण्यात गेला. हुकूम पोचणे, प्लाटून कमांडरांना समजावणे, तोफांशी वेळ जुळवणे यात आणखी तेवढाच. तेव्हा ‘तात्काळ प्रतिहल्ला करा’ असा हुकूम या कंपनीला देणारा कमांडर स्वतःची फसवणूक करतो आहे. म्हणूनच तात्काळच्या कामाची प्लाटून पुढच्या खंदकांपासून दोन-तीनशे मीटरवर ठेवतात, आणि तिला निघायला वरच्या परवानगीची गरज पडू नये म्हणून अधिकार आधीच तिच्या कंपनी कमांडरकडे दिलेला असतो. ज्याला टेलिफोनवर विचारावे लागते त्याची तार नेमकी तोफगोळ्याने तुटलेली असते.

तोफखान्याची अडचण वेगळीच. बचावातल्या तोफांनी आधीपासून नेम धरून ठेवलेल्या जागा आपल्या मोर्चांच्या पुढे असतात, मोर्चांवर नसतात. मोर्चा पडला की मारा आपल्याच खंदकांवर करायचा असतो, आणि तिथे आपले जखमी असू शकतात. हे लक्ष्य आधी नोंदवून ठेवायला मन धजत नाही. मग ऐन वेळी नवे लक्ष्य बांधण्यात अर्धा तास जातो. शिवाय शत्रू अजून आत घुसतच असेल तर प्रतिहल्ला करून उपयोग नसतो. बांध फुटला की आधी दोन्ही कडा धरतात आणि मग मधले खिंडार बुजवतात, तसे इथे. घुसखोरीच्या दोन्ही बाजूंचे मोर्चे टिकले पाहिजेत, मागे एखादी तुकडी आडवी बसवून शत्रूची धाव थांबवली पाहिजे. या थांबवण्याला आपल्या लष्करात काउंटर पेनिट्रेशन असे स्वतंत्र नाव आहे. ते झाले की प्रतिहल्ला शक्यतो कुशीतून, समोरून नाही.

आणि जागा परत मिळाली की थांबायचे. पळणाऱ्या शत्रूमागे धावलेली तुकडी त्याच्या तोफांच्या उघड्या माऱ्यात सापडते. शिवाय प्रतिहल्ला केलेले दल आता त्या खंदकाचेच रखवालदार झालेले असते, म्हणजे पाठीशी राखीव कुणी उरले नाही. कमांडरचा पुढचा हुकूम नवे राखीव उभे करण्याचा असायला हवा; स्वयंपाकी, कारकून, ड्रायव्हर यांनाही उभे केले जाते. शत्रूची दुसरी लाट बहुधा याच वेळी येते.

हे सगळे एका ठिकाणी पाहायचे असेल तर क्रीट बेटावरच्या मालेमे विमानतळाची लढाई पाहावी. २० मे १९४१ रोजी जर्मन छत्रीधारी सैन्य तिथे उतरले. विमानतळ आणि त्यावर नजर ठेवणारी १०७ क्रमांकाची टेकडी न्यूझीलंडच्या २२व्या पलटणीकडे होती, कमांडर लेफ्टनंट कर्नल लेस्ली अँड्र्यू. पलटण संकटात आली तर शेजारच्या २३व्या पलटणीने प्रतिहल्ला करायचा, असे ठरलेले होते. त्यासाठी पांढरा, हिरवा, पांढरा असे रॉकेटचे दिवे सोडायचे होते. दिवे सोडले गेले. धूळ, धूर आणि बॉम्बफेकीत ते कुणाला दिसले नाहीत. टेलिफोनच्या तारा तुटल्या होत्या, वायरलेस अधूनमधून लागत होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास अँड्र्यूंनी २३वी पलटण मागितली तेव्हा ब्रिगेडियर हारगेस्ट यांनी कळवले की ती तिच्याच भागात उतरलेल्या जर्मनांत गुंतली आहे. ब्रिगेडचे मुख्यालय कित्येक किलोमीटर मागे प्लाटानियासला होते. तिथून चित्र दिसत नव्हते.

मग अँड्र्यूंनी हाताशी होते ते वापरले: दोन माटिल्डा रणगाडे आणि एक प्लाटून. एका रणगाड्यातल्या तोफेला तिच्याकरता आणलेले गोळेच बसेनात आणि त्याचा मनोरा नीट फिरेना. तो मागे वळला. दुसरा तावरोनितिस नदीच्या पात्रात उतरला, दगडगोट्यांवर त्याचे पोट टेकले, आणि तिथेच सोडून द्यावा लागला. रणगाड्यांमागून गेलेले पायदळ थोडेच परत आले. म्हणजे राखीव तुकडी होती, धैर्य होते, पण गोळे तोफेत बसतात की नाही हे कुणी आधी पाहिले नव्हते. त्या रात्री २२वी पलटण टेकडी सोडून मागे आली. सकाळी जर्मनांना टेकडी रिकामी मिळाली, आणि २१ तारखेला दुपारपासून त्यांची वाहतूक विमाने डोंगरी सैन्य घेऊन त्या धावपट्टीवर उतरू लागली.

आता दुसरा, तयारीनिशीचा प्रतिहल्ला. तो २१-२२ मेच्या रात्री ठरला: २०वी पलटण आणि २८वी माओरी पलटण, सोबत तीन हलके रणगाडे. दिवसा आकाश पूर्णपणे जर्मन विमानांचे होते, म्हणून सगळे काम अंधारात उरकायला हवे. पण २०व्या पलटणीने आपली जागा सोडण्यापूर्वी तिथे बदली म्हणून एक ऑस्ट्रेलियन पलटण यायची होती, आणि तिला जॉर्जिओपोलिसहून मोटारींनी पोचायला उशीर झाला. रात्री एकची वेळ ठरली होती, निघायला साडेतीन वाजले. वाटेत घराघरांत जर्मन टोळ्या होत्या, त्यांच्याशी झुंजत जाण्यात आणखी वेळ गेला. विमानतळाच्या कडेशी पलटण पोचली तेव्हा उजाडले होते. बाकीचे विमानांनी केले. बदली पलटणीची वाट न पाहता ती जागा चार तास उघडी टाकली असती तर? समुद्रातून हल्ला येईल या धास्तीने ते धाडस कुणी केले नाही. मे संपता संपता दोस्त सैन्याला क्रीट सोडावे लागले.

हुशार हल्लेखोर प्रतिहल्ला येणार हे धरूनच चालतो, हेही आपल्या बातम्यांत कधी येत नाही. १९१७ च्या सप्टेंबरमध्ये ईप्रच्या आघाडीवर ब्रिटिश सेनापती प्लमर यांनी मोठी मजल मारण्याचा नाद सोडला. जर्मन पुढची फळी पातळ ठेवत, हल्लेखोराला आत येऊ देत आणि तो दमला की मागच्या प्रतिहल्ल्याच्या डिव्हिजन सोडत. प्लमर यांनी २० सप्टेंबरला मेनिन रस्त्याच्या कड्यावर सुमारे दीड हजार यार्डांपुरताच हल्ला केला आणि थांबले. पायदळ अजून आपल्या तोफांच्या टप्प्यात होते, मशीनगन जागेवर होत्या. दुपारी जर्मन डिव्हिजन प्रतिहल्ल्यासाठी पुढे सरकल्या त्या थेट तोफांच्या माऱ्यात. इथे घेतलेली जमीन दुय्यम. प्रतिहल्ल्याला उघड्यावर ओढून झोडपणे हेच मुख्य काम होते.

जवळचे उदाहरण १९७१ चे, शकरगडच्या आघाडीवरच्या बसंतर नदीचे. त्याची मराठी वाचकाला ओढ असण्याचे एक कारण म्हणजे पूना हॉर्स, १८१७ साली पेशव्यांबरोबरच्या तहातून उभी राहिलेली घोडदळाची पलटण, जिच्याकडे या लढाईत सेंच्युरियन रणगाडे होते. १५ डिसेंबरच्या रात्री आपल्या पायदळाने नदीपलीकडे जागा धरली, जरपाल गावावर ३ ग्रेनेडियर्स ही पलटण होती. पायदळ पलीकडे, रणगाडे अलीकडे आणि मधे सुरुंगक्षेत्र. प्रतिहल्ला करणाऱ्याला याहून चांगली संधी मिळत नाही: रणगाड्यांविना उभ्या पायदळावर रणगाडे घालायचे. पाकिस्तानी रणगाड्यांची हालचाल ऐकू येऊ लागली तेव्हा इंजिनीअरांची वाट पुरती मोकळी झालेली नव्हती. पूना हॉर्सचे कमांडर लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग यांनी तशाच अर्धवट वाटेने रणगाडे पुढे घातले आणि उजाडण्यापूर्वी ते पायदळापाशी पोचले. संधी तिथेच गेली.

१६ च्या सकाळी धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानच्या १३ लान्सर्सचे पॅटन रणगाडे आले, आणि ते एकदम न येता स्क्वाड्रन-स्क्वाड्रनने आले. एकेक हप्ता ठरलेल्या जागी दबा धरलेल्या सेंच्युरियनांपुढे सापडत गेला. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल इथेच पडले. रणगाडा पेटला असताना, तोफ चालते आहे म्हणून त्यांनी तो सोडला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाकिस्तानच्या ३५ फ्रंटियर फोर्सने पायदळाचा प्रतिहल्ला केला. कमांडर लेफ्टनंट कर्नल अक्रम राजा स्वतः पुढे होते आणि त्यात मारले गेले. समोर मेजर होशियार सिंग यांची कंपनी खणून बसलेली होती. मशीनगनवरचे जवान पडले तेव्हा त्यांनी जखमी अवस्थेत ती स्वतः चालवली. त्या पाकिस्तानी पलटणीच्या शौर्याबद्दल आपल्या बाजूनेही शंका घेतली गेली नाही. पण पुरे एक दिवस आणि एक रात्र खणत बसलेल्या पायदळावर उघड्या रानातून केलेला तो हल्ला होता. वर सांगितलेल्या फटीतलाच.

अठराव्या शतकात राखीव दलाची किंमत आपण पानिपतावर मोजली. १४ जानेवारी १७६१ ला दुपारपर्यंत इब्राहिमखान गारद्याच्या पायदळाने रोहिल्यांची फळी मोडली होती आणि हुजुरातीने मध्यावर वजीर शाहवलीखानाला रेटत आणले होते. अब्दाली मागे राखीव फौज धरून होता. त्याने आधी पळणाऱ्यांना शिपाई लावून परत फिरवले. मग ताजी फौज सोडली, काशीराजाच्या वृत्तान्तानुसार त्यातले सुमारे दहा हजार वजिराच्या मदतीला. भाऊसाहेबांकडे त्या घडीला पुढे घालायला ताजे कुणी नव्हते. जनावरे उपाशी, माणसे उपाशी, हुजुरात आधीच भिडलेली. ही घटना प्रतिहल्ला या शब्दाला अक्षरशः लागू पडते, आणि गंमत म्हणजे पानिपतावरच्या लेखांत हा शब्द क्वचितच दिसतो.

आता चुकीच्या वापरांकडे. युक्रेनची २०२३ ची उन्हाळी मोहीम इंग्रजीत काउंटर ऑफेन्सिव्ह होती, काउंटर अटॅक नव्हे. अख्ख्या आघाडीवर, अनेक ब्रिगेड घेऊन, महिनोन्महिने चालणारी ती चढाई. तिला ‘प्रतिचढाई’ म्हणावे. चढाई आणि हल्ला हा फरक मराठीत आहेच, तो नुसता वापरायचा आहे. नाहीतर काय घोटाळा होतो पाहा. ८ जूनला माला तोकमाच्काच्या दक्षिणेला युक्रेनच्या चिलखती तुकड्या सुरुंगांत अडकल्या, लेपर्ड आणि ब्रॅडली गाड्या तिथेच पडल्या. पुढे रोबोतिनेच्या परिसरात युक्रेनने एखादा खंदक घेतला की रशियन राखीव तुकड्या तो लगेच परत घ्यायला येत. म्हणजे त्या रानात खरेखुरे प्रतिहल्ले रशियन करत होते, आणि मथळ्यांत सलग चार महिने ‘युक्रेनचा प्रतिहल्ला’ होता. रशिया माघार घेतो आहे की टिकून आहे, हे वाचकाने ओळखायचे कसे?

प्रतिचढाईला त्याच जागेचे बंधनही नसते. १ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानने छांबमधून अखनूरच्या दिशेने मुसंडी मारली. भारताचे खरे उत्तर ६ सप्टेंबरला लाहोरच्या आघाडीवर मिळाले, आणि अखनूरवरचा दाब त्यामुळे ओसरला. याच युद्धातल्या असल उत्तरच्या लढाईला ‘भारताचा जोरदार प्रतिहल्ला’ असे सर्रास लिहिले जाते, तेही बरोबर नाही. तिथे चौथी डिव्हिजन घोड्याच्या नालेच्या आकाराच्या बचावात बसली होती, रणगाडे उसात दडवले होते, जमिनीत पाणी सोडले होते, आणि पॅटन रणगाडे आपण होऊन त्यात येत गेले. ती उत्कृष्ट बचावाची लढाई. तिला दुसरे नाव देऊन तिची उंची वाढत नाही.

नियंत्रण रेषेवर चौकीने दिलेले उत्तर म्हणजे जवाबी गोळीबार. कुणी जागा घेत नाही, कुणी जागेवरून हलत नाही. तोफांनी शत्रूच्या तोफांना गप्प करणे हा आणखी निराळा कसब आहे: येणाऱ्या गोळ्याचा मार्ग रडारने हवेतच टिपायचा, तो मागे मोजत जाऊन तोफेची जागा काढायची आणि तिच्यावर मारा करायचा. कारगिलच्या वेळी असे रडार आपल्याकडे नव्हते. आता देशात बनलेले ‘स्वाती’ आहे. तोफखान्यात याला काउंटर बम्बार्डमेंट म्हणतात, मराठीत ‘तोफप्रतिमारा’ चालेल. कारगिलमध्ये खरे प्रतिहल्ले झाले ते शिखरे हातात आल्यावर. टायगर हिल ४ जुलै १९९९ ला मिळाल्यानंतर पश्चिमेच्या धारेवर बसलेल्या ८ शीख पलटणीवर पाकिस्तानने प्रतिहल्ले केले, त्यात त्यांचे कॅप्टन कर्नल शेर खान (‘कर्नल’ हे त्यांचे नावच, हुद्दा नव्हे) मारले गेले. त्यांच्या धाडसाची नोंद भारतीय ब्रिगेडियरने कागदावर लिहून मृतदेहासोबत पाठवली.

उरला बदल्याचा अर्थ, आणि तिथे शब्द सगळ्यात जपून वापरायला हवा. २६ फेब्रुवारी २०१९ च्या बालाकोट कारवाईला बहुतेक वर्तमानपत्रांनी बदला किंवा प्रतिहल्ला म्हटले. परराष्ट्र सचिवांनी त्याच दिवशी काढलेल्या निवेदनात तिला बिगरलष्करी, पूर्वप्रतिबंधक कारवाई म्हटले होते: पुढचे हल्ले होऊ नयेत म्हणून आधीच केलेली. ७ मे २०२५ ला ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये नऊ ठिकाणांवर मारा झाला तेव्हाही सरकारी भाषा नेमकी, मोजकी आणि संघर्ष न वाढवणारी, अशी होती. ही शब्दांची कसरत उगाच होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतले ५१वे कलम स्वसंरक्षणाचा हक्क देते. बळ वापरून सूड उगवण्यापासून मात्र राष्ट्रांनी दूर राहावे, असे आमसभेच्या १९७० च्या जाहीरनाम्यात स्पष्ट आहे. म्हणून कोणतेही शहाणे सरकार कागदावर ‘बदला’ लिहीत नाही. मथळा तो लिहितो, आणि समोरच्या देशाला उद्या दाखवायला कात्रण मिळते.

यातच ‘प्रति’ या उपसर्गाची एक खोड आहे. तो लावला की सुरुवात दुसऱ्याने केली, असा निकाल देऊन झालेला असतो. २०२५ च्या मे महिन्यात त्या चार दिवसांत दोन्ही देशांची माध्यमे आपापल्या बाजूच्या प्रत्येक माऱ्याला प्रतिहल्ला म्हणत होती. अशा बातम्यांत ‘प्रत्युत्तरादाखल कारवाई केल्याचे अमुक देशाने सांगितले’ अशी वाक्यरचना लांबट वाटेल, पण दावा कुणाचा आहे ते त्यात राहते.

आपल्या उपसंपादकांना एवढेच सुचवावेसे वाटते. बातमी हातात आली की जागा आधी कुणाची होती ते पाहावे. ज्याच्याकडून नुकतीच गेली त्याने ती परत घेण्यासाठी राखीव सैन्य घातले असेल तर प्रतिहल्ला. मोठ्या आघाडीवर दिवसेंदिवस चालणारी उलटी मोहीम असेल तर प्रतिचढाई. जागा न बदलता केलेला मारा असेल तर जवाबी गोळीबार किंवा प्रतिमारा. सीमेपलीकडे शिक्षा म्हणून केलेला असेल तर प्रत्युत्तराची कारवाई, आणि कुणाच्या म्हणण्यानुसार, तेही सोबत. वृत्तसंस्थेच्या मजकुरात काउंटर अटॅक आणि काउंटर ऑफेन्सिव्ह हे शब्द वेगवेगळे येतात. भाषांतर करताना ते एकाच शब्दात कोंबले जाणार नाहीत, एवढे पाहिले तरी अर्धा घोळ मिटेल. नगरला चिलखती दलाचे केंद्र आहे, देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, पुण्यात दक्षिण कमांडचे मुख्यालय आहे. निवृत्त होऊन याच गावांत स्थायिक झालेले कितीतरी सुभेदार आणि कर्नल आपले दैनिक रोज वाचतात. नेमका शब्द अडला तर त्यांच्यापैकी कुणालाही एक फोन पुरेल.

आपला,
एक नियमित वाचक, नगर